मंदाक्रांता कोणत्या कंपनीचा?

पुंडलिकनगर,
गुरुवार, दुपारचे तीन

प्रिय राजकुमार यास सांडूचा कडकडून जय भीम.

लगागा लगागा लगागा लगागा! ऐकू आलं का? सोयगावच्या आपल्या शाळेचं पत्र्याचं छप्पर, खाली मांडी घालून बसलेली चाळीस पोरं, आणि समोर टेबलावर डस्टर आपटून ताल धरणारे कापसे गुरुजी. आपण भुजंगप्रयात घोकायला लागलो की छपरावरचे पारवे भर्रकन उडून जायचे आणि ओव्या सुरू झाल्या की परत येऊन बसायचे (पारव्यांना अक्षरगणवृत्तं सोसत नाहीत, असं गुरुजींचं ठाम मत होतं). तर तोच आवाज मला साठ वर्षांनी पुन्हा ऐकू आला. सोमवारी दुपारी. आणि कुठं म्हणशील, तर लॅपटॉपच्या दुकानात. पुढं जे झालं ते फोनवर सांगता आलं असतं, पण आमचा फोन बैठकीत असतो आणि बैठकीला कान फार. म्हणून कागदाला शरण आलो.

आधी खुशाली. इथं आम्ही सगळे ठीक आहोत. माझा उजवा गुडघा जिना चढताना बोलतो आणि उतरताना गप्प असतो. लीलाबाईला डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, तेव्हापासून मला बिनसाखरेचा चहा मिळतो (दुखणं तिचं, पथ्य माझं, संसार म्हणजे दुसरं काय असतं?). तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं आशाबाई वहिनींकडून कळलं. आता म्हणे तुला लांबचं स्वच्छ दिसतं आणि जवळचं दिसत नाही. म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे. तरीही दिसलं नाही तर पत्र खुंटीला अडकवून अंगणातून वाच. बकऱ्यांना मात्र लांब ठेव. मागचं पत्र कुणी खाल्लं ते मी विसरलेलो नाही.

आता मूळ विषय. आमच्या मेघाला, म्हणजे अभयच्या थोरलीला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पंधरा दिवसांनी कॉलेज सुरू, आणि पहिल्या दिवसापासून लॅपटॉप पाहिजे. गेल्या रविवारी जेवताना विषय निघाला. अभय मोबाइलवर बोट सरकवून एकामागून एक लॅपटॉप दाखवत होता, सूनबाई विशाखा प्रत्येकाला नाक मुरडत होती, आणि मी आपला वरणात भाकरी चुरत होतो. तेवढ्यात मेघा म्हणाली, "आजोबांनी चौतीस वर्षं टायपिंग केलंय. आपल्या घरात बोटांची नोकरी फक्त त्यांनी केली. लॅपटॉप आजोबाच निवडतील." राजकुमार, हातातला घास हातातच राहिला रे. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून या घरात माझं मत एकदाच विचारलं गेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी, पंख्याचा रंग ठरवताना. आणि तेव्हाही पंखा वर लागून फिरत होता.

लीलाबाईनं अर्थातच हरकत घेतली. म्हणाली, "ह्यांना धाडता व्हय? मागल्या दिवाळीला झाडू आणाया गेले न् बासरी घिऊन आले." (हे खरं आहे. पण वाटेत बासरीवाला आधी लागला, झाडूवाला नंतर. यात माझा दोष कुठला?) शेवटी अभयनं तोड काढली. रविवारपर्यंत आबांनी ठरवायचं. नाही ठरलं तर रविवारी संध्याकाळी तो मोबाइलवरून मागवून टाकणार, "आणि मग आबांनी पुन्हा घरच्या कशात पडायचं नाही." हे शेवटचं तो हसत हसत बोलला, पण मला ते भाकरीतल्या खड्यासारखं दातात लागलं. म्हणजे बघ, नुसता लॅपटॉप निवडायचा नाही. या घरात माझ्या शब्दाला जागा आहे का नाही, हेच रविवारी ठरणार आहे.

सोमवारी जेवण झाल्याबरोबर निघालो. इस्त्रीचा सदरा, खिशात मेघानं दिलेली चिठ्ठी: रॅम सोळा, स्टोरेज पाचशे बारा, बॅटरी दिवसभर, वजन कमी. जालना रोडवर एक मोठं दुकान आहे, काचेचं, आत डिसेंबरसारखी थंडी. तिथं करुणा नावाची एक मुलगी मदतीला आली. चितेगावची, रोज येऊन-जाऊन करते, गुणी पोर. मी चिठ्ठी काढली आणि विचारलं, सोळाच का? सतरा द्या, सतरा अक्षरांत मंदाक्रांता बसते. ती म्हणाली, "काका, सोळानंतर थेट बत्तीस." मी म्हटलं, मग मधल्या पंधरा कुठं गेल्या? "त्या कंपनी काढतच नाय." मला वाईट वाटलं. पंधरा आकडे जन्मालाच येत नाहीत आणि त्याची कुणाला खंत नाही.

मग मी पहिल्या लॅपटॉपसमोर बसलो. तुला ठाऊक आहे, टायपिंगच्या परीक्षेचा पहिला नियम असा की नजर यंत्रावर जाता कामा नये, ती मूळ कागदावर हवी. मूळ कागद नव्हता, म्हणून मी डोळे मिटले. आणि त्या गारव्यात, डोळे मिटल्या मिटल्या, मला दोन ओळी सुचल्या:

नवा यंत्रघोडा उभा हा दुकानी
तयाला न चारा न दाणा न पाणी

अस्सल भुजंगप्रयात, मोजून घे. मी त्या जुन्या मशीनच्या सवयीनं बडवायला लागलो आणि राजकुमार, काय सांगू तुला, कळांमधून गुरुजींचा डस्टर वाजायला लागला! लगागा लगागा! मी सोयगावात पोचलो. पारवे उडाले. पहिली ओळ संपली, आणि ओळ संपली की टंकलेखकाचा डावा हात काय करतो? वर जातो आणि यंत्राचा गाडा उजवीकडे ढकलतो. चौतीस वर्षं ढकलला, हात का विसरेल? मी ढकलला. लॅपटॉपला गाडा नसतो हे हाताला कुणी सांगितलं नव्हतं. तो काचेवरून सुळ्ळकन गेला तो शेजारच्यावर, शेजारचा त्याच्या शेजारच्यावर, आणि रांगेतला शेवटचा काउंटरवरून खाली निघाला तो दारावरच्या रखवालदारानं पोटावर झेलला. रखवालदार भला माणूस. पोट सावरत एवढंच म्हणाला, "चाचा, ये लॅपटॉप है, ठेला नै."

काही मोडलं नाही. पडद्यावर पाहिलं तर माझी कविता नव्हतीच, इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. करुणा वाकून बघत म्हणाली, "काका, पासवर्ड टाकताय का? लई मजबूत आहे, कुणाच्या बापाला सापडायचा नाय." मग तिनं शिकवलं की ओळ संपली की उजव्या बाजूची लांबट कळ दाबायची, ढकलायचं नाही. मी विचारलं, ढकलल्याशिवाय ओळ संपल्याचं समाधान कसं मिळतं? ती म्हणाली, "ते नाय मिळत, काका." (आजच्या कवितेवर इतकी नेमकी टीका मी आजवर कुठल्या मासिकात वाचलेली नाही.)

पण मला माझी कसोटी सापडली होती. रॅम दिसत नाही, स्टोरेज दिसत नाही, बॅटरी दिवसभर चालते का हे बघायला दिवसभर बसू देत नाहीत. ऐकू मात्र येतं! ज्या यंत्राच्या कळा वृत्तात वाजतात ते यंत्र आतून नीट बांधलेलं असणार. सोमवार, मंगळवार, बुधवार मी पाच दुकानं केली, डोळे मिटून प्रत्येक लॅपटॉपवर त्याच दोन ओळी बडवल्या (डावा हात पँटच्या खिशात कोंबून, त्यामुळं 'यंत्रघोडा' अर्धाच निघायचा) आणि वहीत टिपणं केली. पहिला भुजंगप्रयात: सडपातळ, वळवळता, खणखणीत. दुसरा मंदाक्रांता: कळा कशा सायीवर बोट ठेवल्यासारख्या, दाबली की जरा विचार करून वाजणार. तिसरा शार्दूलविक्रीडित: वजनाला तुझ्या बकरीच्या पिल्लाएवढा, आणि चालू केला की पोटातून गुरगुरतो. हात लावला तर तापलेला. मी तिथल्या रखवालदाराला विचारलं, याला पाणी वगैरे दाखवायचं का? चौथा नुसताच मुक्तछंद. कळांखाली लाल, हिरवे, जांभळे दिवे पळतात, जणू हळदीचा मांडव. तिथला सार्थक नावाचा पोरगा म्हणाला, "काका, ह्याच्यावर गेम एक नंबर चालते." मी म्हटलं, चालत असेल, पण यतिभंग होतो. तो म्हणाला, "वॉरंटीत बदलून देऊ." पाचवा ओवी. छोटा, घरगुती, आणि पाठीमागं वाकवला तर वाकतच जातो. मी वाकवला तेव्हा मला वाटलं मोडला, आणि मी अर्धा तास कुणाकडे न बघता तो तसाच दाबून धरून उभा राहिलो. नंतर कळलं की तो तसाच असतो.

आणि संध्याकाळ! राजकुमार, त्या तीन संध्याकाळी मी कधी विसरणार नाही. चहा झाला की सगळे माझ्याभोवती बसायचे. अभय टीव्हीचा आवाज कमी करायचा (जो तो माझ्या छातीत दुखलं तेव्हाही करत नव्हता). मेघा पेन घेऊन शेजारी. "आजोबा, आज काय?" मी वही उघडायचो आणि वाचायचो. मंदाक्रांता स्वभावानं शांत, पण सुरू व्हायला वेळ घेतो. शार्दूलविक्रीडित ताकदीचा, पण खांद्यावर वागवायला मेघाला झेपणार नाही. लीलाबाईसुद्धा निवडायची मेथी खाली ठेवून ऐकत होती. काल बुधवारी मी निकाल जाहीर केला: पहिला क्रमांक मंदाक्रांता. मेघानं टाळी वाजवली. विशाखा म्हणाली, बाई, मिटला एकदाचा घोर. आणि अभयनं मोबाइल काढून साधा, बिनकपटी प्रश्न विचारला, "बरं आबा, मंदाक्रांता म्हणजे कोणत्या कंपनीचा?"

मी वही उलटली. पुढून उलटली, मागून उलटली. वजन होतं, रंग होता, लगक्रम होता, दुकानातल्या चहाची प्रतसुद्धा होती (सार्थककडचा बरा). कंपनीचं नाव एकाचंही नव्हतं. आता तूच विचार कर, कंपनीचं नाव कुठं असतं? झाकणाच्या पाठीवर. आणि टंकलेखक बसतो कुठं? पोटाकडं. शिवाय डोळे मिटून. तीन दिवस मी त्या यंत्रांच्या अंतरंगात उतरलो होतो, पाठीवर काय लिहिलंय ते बघायला मी काय रिक्षा शोधत होतो? लीलाबाईनं खाली ठेवलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. काय बोललो ते पुढं सांगतो.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच करुणाच्या दारात उभा. मंदाक्रांता तिच्याकडंच, लाकडी टेबलावर जाड फोमच्या चटईवर ठेवलेला पाहिला होता. पाठ बघायची, नाव उतरवायचं, घरी जायचं. बसलो, वाजवला. तर लगागा लगागा! मंदाक्रांतेच्या जागी भुजंगप्रयात! मी घाबरून काउंटरवरचा वाजवला, तर तो सायीसारखा मंद. म्हटलं, करुणा, यांची अदलाबदल झाली. ती म्हणाली, "व्हय काका, झाडताना चटई काढून काउंटरवर टाकली. लॅपटॉप हायत तिथंच हायत." मी उठलो. एकच लॅपटॉप उचलला आणि काचेवर ठेवून वाजवला: भुजंगप्रयात. चटईवर: मंदाक्रांता. रिकाम्या खोक्यावर: गुरगुर सोडली तर अस्सल शार्दूलविक्रीडित. शेवटी रखवालदाराच्या पत्र्याच्या स्टुलावर ठेवला तर हलगी. रखवालदारानं स्टूल ओढून घेतलं, म्हणाला, "चाचा, अब बस करो, मेरेकू बैठने दो."

कळलं ना तुला? तीन दिवस मी लॅपटॉप पारखतच नव्हतो. मी टेबलं पारखत होतो. आज कुणी मला विचारलं की कोणतं टेबल घ्यावं, तर मी छातीवर हात ठेवून सांगेन, शिसवी, चारही पाय सारखे, वर फोम. पण लॅपटॉप? करुणानं दहा यंत्रांच्या दहा कंपन्यांचे दहा कागद मला दिले. सगळ्यांत सोळा, सगळ्यांत पाचशे बारा, सगळे म्हणतात बॅटरी दिवसभर. साठ वर्षांपूर्वीच्या आपल्या वर्गासारखं आहे बघ; हजेरीपटावर सगळी पोरं सारखीच दिसतात, बोलायला उभी केली की कळतं कोण कोण आहे. आणि मी ज्याला बोलणं समजत होतो तो नुसता बाकांचा आवाज निघाला.

मी घरी येऊन कुणाला काही सांगितलेलं नाही. मेघा मघाशी डोकावून विचारून गेली, "आजोबा, झालं का?" मी म्हटलं, होत आलंय. तिचा माझ्यावर जो विश्वास आहे ना, तो बघून मी ते दहा कागद वहीखाली सरकवले.

असो. कागद संपत आला. वहिनींना नमस्कार, तुझ्या नातवाला, संघपालला, आशीर्वाद. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा.

तुझाच,
सांडू

ता. क. १: लीलाबाई विचारते की उन्हात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या उरल्या आहेत का. असतील तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव.

ता. क. २: आता खरं सांगतो, कशासाठी लिहिलं. काल अभयनं कंपनी विचारल्यावर मी वही मिटली आणि म्हणालो, "नाव आत्ता उच्चारता येणार नाही. सोयगावच्या राजकुमारांचा अभिप्राय यायचा आहे. लॅपटॉपमधला त्यांच्याएवढा जाणकार अख्ख्या तालुक्यात नाही." मला माहीत आहे तुला त्यातलं काय कळतं. तुझा शेवटचा मोबाइल सरकीच्या पोत्यात शिवला गेला आणि तू दोन दिवस पोत्याशी बोलत होतास. पण अडचणीत दुसरं नाव तोंडात येतच नाही रे, पहिलीपासूनची खोड आहे. पत्र सोयगावच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो, उद्या मिळेल. तेव्हा एवढं कर. शनिवारी संध्याकाळी वहिनींच्या फोनवर मेघाचा फोन येईल. आवाज जड ठेव. आधी थोडं खोक. "रॅम सोळा पुरे" असं म्हण. मग एका कंपनीचं नाव घे. कोणत्याही. ग्रामपंचायतीतल्या लॅपटॉपच्या पाठीवर असेल ते वाचून ठेव. ऐनवेळी आठवलं नाही तर खोकला वाढव आणि फोन वहिनींकडं दे. माझी उरलेली सगळी इभ्रत तुझ्या खोकल्यावर आहे.

ता. क. ३: काही झालं तरी महिनाभर इकडं फिरकू नकोस. फोनवर निभेल, पण समोर नाही निभणार. तुला एखादी गोष्ट येत नसली की ती तुझ्या तोंडावर फळ्यावरच्यासारखी दिसते. गुरुजी तुला प्रश्न न विचारताच छडी उचलायचे. तेव्हा बिबड्या दुसऱ्या कुणाबरोबर

थांब. दाराची कडी वाजते आहे. लीलाबाई गेली. "अगं बया! भावजी तुम्ही? एकटेच? असे न सांगता सवरता?"

राजकुमार, तुझा आवाज आहे हा. इथून मधल्या दारातून तुझी पांढरी टोपी दिसते आहे आणि बगलेत पिशवी. लेका, पत्र अजून माझ्या हातात आहे आणि तू दारात! बोलू नकोस. चपला सावकाश काढ. खोक! अरे, खोक तरी!

मेघा पोचली. विचारते आहे, "राजकुमार आजोबा, बरं झालं आलात. तुमच्यासाठीच अडलंय सगळं. कोणता लॅपटॉप घ्यायचा?"

आणि तू म्हणालास, शब्दन् शब्द लिहून ठेवतो: "मला काय कळतंय बाई त्यातलं? आमच्या संघपालला घ्यायचाय, म्हून तर अकराची एसटी धरून आलो. घरी सगळ्यास्नी ठणकावून सांगितलं, सांडूला इचारल्याबिगर नाय. त्याच्याइतकं लॅपटॉपातलं कळणारा माणूस जिल्ह्यात नाय. कुठंय तो?"

अभयनं टीव्ही बंद केला. लीलाबाईनं पदर तोंडात कोंबला आहे, खांदे हलताना इथून दिसताहेत. मेघा पेन घेऊन माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आहे आणि म्हणते आहे, "चला आजोबा. आता दोन निवडायचेत."

येतो, उठतोच आहे. हे पत्र तुझ्याच हातात देतो. पण बसायच्या आधी कानात एवढं सांग: माझ्याबद्दल हे तू घरी पहिल्यांदा कधी ठणकावलंस, आणि तेव्हा तू कोणत्या अडचणीत होतास?